पाहण्याचा अधिकार आणि स्थळाचे पावित्र्य : इटलीच्या वारसास्थळांच्या निमित्ताने

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सर्वाधिक स्थळे आज इटलीची असून त्यांची संख्या साठाच्या पुढे गेली आहे, आणि त्यांतील कितीतरी स्थळांच्या केंद्रस्थानी एखादे प्राचीन मंदिर, चर्च, मठ किंवा संताची समाधी आहे. 1972 च्या जागतिक वारसा करारानुसार एखाद्या स्थळाला या यादीत स्थान मिळायचे असेल, तर त्याचे महत्त्व एका राष्ट्रापुरते किंवा एका पंथापुरते मर्यादित नसून ते अखिल मानवजातीसाठी असामान्य आहे, हे दाखवून द्यावे लागते; या गुणाला त्या करारात ‘असामान्य वैश्विक मूल्य’ म्हटले आहे. पावित्र्याची कल्पना मात्र याच्या जवळजवळ उलट दिशेने चालते, कारण कोणतेही स्थळ पवित्र होते ते विशिष्ट समुदायासाठी, विशिष्ट संस्कारामुळे आणि विशिष्ट स्मृतीमुळे, आणि त्या स्थळी कोणी, केव्हा व कसे यावे हे ठरवण्याचा अधिकार हा त्या पावित्र्याचाच एक भाग असतो. जे स्थळ काहींसाठी पवित्र आहे, ते सर्वांसाठी वारसा झाले की पाहणाऱ्याचा हक्क आणि उपासकाचा हक्क यांचा संबंध काय राहतो, आणि श्रद्धेने बाहेरचा असलेला प्रवासी तिथे नेमके काय पाहतो, हा प्रश्न इटलीइतका तीव्रतेने क्वचितच कुठे उभा राहत असेल.

या प्रश्नाची दोन उत्तरे सहज सुचतात, आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिल्या उत्तरानुसार चर्चमधले चित्र ही शेवटी कलाकृती आहे, श्रद्धा हा ज्याचा त्याचा खासगी विषय आहे, आणि रंग, रेषा व रचना यांचा आस्वाद घेण्यासाठी कोणत्याही धर्माची दीक्षा लागत नाही. दुसऱ्या उत्तरानुसार ज्याने ते चित्र उपासनेचे अंग म्हणून अनुभवले नाही, त्याला ते दिसतच नाही, केवळ त्याचा पृष्ठभाग दिसतो. पहिले उत्तर मानले, तर ज्या हेतूने ती वस्तू घडली तो हेतूच अप्रस्तुत ठरतो. दुसरे मानले, तर धर्मांच्या सीमा ओलांडून होणारे सारे आकलन भ्रम ठरते आणि बौद्ध लेणी पाहणारा हिंदू किंवा जैन बसदी पाहणारा ख्रिस्ती हे दोघेही आंधळे ठरतात. सत्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे असे म्हणून सुटका करून घेणेही योग्य नाही, कारण प्रश्न मध्यबिंदूचा नसून पाहणे या क्रियेच्या नैतिक स्वरूपाचा आहे.

या क्रियेवरचा सर्वांत कठोर आक्षेप ज्याने घेतला, त्याचे आयुष्य व मृत्यूनंतरचा प्रवास हे दोन्ही इटलीशी जोडलेले आहेत. उत्तर आफ्रिकेत जन्मलेल्या ऑगस्टीनने 387 मध्ये मिलान शहरात बिशप अँब्रोझ यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात त्याने ‘कुरिओसितास’ या दोषाची चिकित्सा केली. या लॅटिन संज्ञेचा त्याला अभिप्रेत असलेला अर्थ म्हणजे डोळ्यांची वासना, केवळ जाणून घेण्यासाठी जाणण्याची आणि पाहिल्याच्या समाधानासाठी पाहण्याची ओढ. माणसे पर्वतांची उंची, समुद्राच्या लाटा आणि ताऱ्यांची गती पाहून थक्क होण्यासाठी दूरवर जातात आणि स्वतःच्या अंतरंगाकडे मात्र पाठ फिरवतात, अशी खंत त्याने तिथेच व्यक्त केली आहे. दुसऱ्या एका ग्रंथात त्याने ‘उपयोग’ आणि ‘उपभोग’ असा भेद केला. जी वस्तू अंतिम साध्याकडे नेते तिचा उपयोग करावा आणि जे साध्य स्वतःच अंतिम आहे, म्हणजे ईश्वर, त्याचाच उपभोग घ्यावा, हे सांगताना त्याने उदाहरण घेतले तेही प्रवाशाचेच: स्वदेशी परतण्यासाठी निघालेला माणूस जर वाटेवरच्या रमणीयतेत आणि वाहनाच्या सुखात गुंतला, तर तो घर विसरेल.

हा आक्षेप जुन्या काळातील वैराग्याचा नमुना म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तो सौंदर्याविरुद्ध नाही. सृष्टीच्या सौंदर्याविषयी इतक्या उत्कटतेने लिहिणारे लेखक ख्रिस्ती परंपरेत थोडेच आहेत. त्याचा रोख आहे तो पाहणाऱ्याला न बदलता संपणाऱ्या पाहण्यावर. 1336 मध्ये प्रोव्हान्समधील व्हाँतू पर्वतावर चढलेला इटालियन कवी पेट्रार्क आपल्या प्रसिद्ध पत्रात सांगतो की, शिखरावर त्याने सोबत नेलेला ऑगस्टीनचा ग्रंथ उघडला असता नेमका पर्वतांविषयीचा तोच परिच्छेद समोर आला आणि तो खजील होऊन मुकाट्याने खाली उतरला. हे पत्र पुढे बऱ्याच वर्षांनी रचले गेले असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही निसर्ग पाहण्यासाठी केलेल्या प्रवासाचे युरोपातील हे आरंभीचे वर्णन अपराधभावनेत संपते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ऑगस्टीनच्या अस्थी आठव्या शतकात लोंबार्ड राजा लिउतप्रांद याने सार्डिनियाहून पाव्हिया या उत्तर इटलीतील शहरात आणल्या असे परंपरा सांगते, आणि तेथील सान पिएत्रो चर्चमध्ये चौदाव्या शतकातील भव्य संगमरवरी समाधीच्या आश्रयाने त्या आजही आहेत. डोळ्यांच्या वासनेवर ज्याने लिहिले, त्याच्या समाधीवरील शिल्पकाम पाहण्यासाठी प्रवासी तिथे येतात, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला त्याचा आक्षेप लागू होतो.

आक्षेपाचे उत्तर शोधताना आधी यात्रेकरू आणि प्रवासी यांच्यातील सीमारेषा कितपत पक्की आहे हे तपासले पाहिजे. 990 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून इंग्लंडला परतला तेव्हा त्याच्या मुक्कामांची जी यादी नोंदली गेली, तिच्या आधारे आजचा ‘व्हिया फ्रान्चिजेना’ हा पदयात्रामार्ग आखला गेला आहे. 1300 मध्ये पोप आठवा बोनिफास याने पहिले जुबिली वर्ष घोषित केले, म्हणजे त्या वर्षी रोमला येऊन विहित चर्चचे दर्शन घेणाऱ्यांना पापांबद्दलच्या ऐहिक व पारलौकिक दंडातून मुक्ती मिळेल असे जाहीर केले, आणि त्यातून लोकांचा लोंढा रोमकडे वळला. या यात्रेकरूंमध्ये कुतूहल नव्हते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. रोमच्या प्राचीन अवशेषांविषयी आख्यायिका सांगणाऱ्या मार्गदर्शिका मध्ययुगातच लिहिल्या गेल्या होत्या, आणि पुण्य मिळवायला आलेला माणूस कोलोसियमकडे डोळे विस्फारून पाहतही होता. त्याच्या आणि आजच्या प्रवाशाच्या मनःस्थितीत भेद आहेच, परंतु तो कुतूहलाच्या असण्या-नसण्याचा नसून कुतूहलाला कोणत्या शिस्तीत बसवले आहे याचा आहे.

ही शिस्त कशी घडते याचे सर्वांत बोलके उदाहरण आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी पिएमोंते आणि लोंबार्दी या प्रांतांत आहे. तेथील नऊ ‘साक्री मोंती’, म्हणजे पवित्र टेकड्या, 2003 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेल्या, आणि त्यांतील सर्वांत जुनी वाराल्लो येथील आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दिनो काइमी या फ्रान्सिस्कन साधूने, जो पॅलेस्टाइनमधील पवित्र स्थळी राहून आला होता, या टेकडीवर जेरुसलेमची प्रतिकृती उभारण्यास प्रारंभ केला. ज्यांना समुद्रापलीकडील धोक्याची यात्रा करणे शक्य नाही, त्यांनी इथेच येशूच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या स्थानांची यात्रा करावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढील दोन शतकांत तिथे सुमारे पंचेचाळीस छोटी प्रार्थनागृहे उभी राहिली, आणि त्यांमध्ये माणसाच्या आकाराच्या शेकडो मूर्ती बसवल्या गेल्या. काही मूर्तींना खरे केस आणि खरी वस्त्रे आहेत; पाठीमागच्या भिंतींवरची चित्रे मूर्तींच्या गर्दीत इतकी मिसळून जातात की शिल्प कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होते ते कळू नये. गाउदेन्झियो फेरारी या चित्रकार-शिल्पकाराने रचलेले क्रूसारोहणाचे प्रार्थनागृह हे या कल्पनेचे शिखर मानले जाते. पायवाटा, झाडी, चढ-उतार आणि मधूनच उघडणारी दरी हे सारे योजनापूर्वक मांडलेले असल्याने युनेस्कोने केवळ इमारतींची नव्हे, तर वास्तू आणि निसर्ग यांच्या संयुक्त रचनेची नोंद केली आहे.

वाराल्लोची टेकडी तत्त्वचिंतकाला दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटावी. पहिले असे की, हे स्थळ मुळातच प्रतिकृती आहे. आधुनिक वारसाविचार दीर्घकाळ अस्सलपणाच्या, म्हणजे मूळ दगड, मूळ साहित्य आणि मूळ हातकाम टिकण्याच्या कल्पनेवर उभा होता. 1964 च्या व्हेनिस सनदेचा भर तोच होता. 1994 मध्ये जपानमधील नारा येथे झालेल्या परिषदेच्या दस्तऐवजाने ही कल्पना विस्तृत केली आणि वापर, परंपरा, भाव यांनाही अस्सलपणाची लक्षणे मानले. वाराल्लोच्या निर्मात्यांनी ही गोष्ट पाच शतके आधी गृहीत धरली होती, कारण त्यांच्या दृष्टीने पावित्र्य दगडाच्या जन्मस्थानावर अवलंबून नव्हते. ते चालणाऱ्याच्या स्मरणात आणि त्याच्या चालण्याच्या क्रमात होते. दुसरे कारण याहून नाजूक आहे. आरंभी यात्रेकरू प्रार्थनागृहांत शिरून मूर्तींच्या मध्ये उभे राहत असत, परंतु सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रॉटेस्टंट पंथाच्या आव्हानानंतर कॅथलिक चर्चने उपासनेची नव्याने शिस्त लावली, त्या काळात, दृश्य आणि प्रेक्षक यांच्या मध्ये जाळ्या आल्या. यात्रेकरूने ठरावीक छिद्रांतून, ठरावीक उंचीवरून, बहुधा गुडघे टेकून आत पाहावे, अशी ती योजना होती. पाहण्याला मर्यादा घालणे हा संग्रहालयांचा शोध आहे असा समज असतो. इथे ती मर्यादा भक्तीनेच घातलेली दिसते, आणि तिचे प्रयोजन मूर्तींचे रक्षण करणे इतकेच नसून पाहणाऱ्याचे शरीर व अवधान यांना वळण लावणे हेही होते.

श्रद्धा बदलल्यावर स्थळाचे काय होते, हा याच्याशी लागून असलेला प्रश्न आहे. सिसिली बेटावरील सिराकुसा शहराचे कॅथेड्रल इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील अथेना देवीच्या मंदिरातच उभे आहे. सातव्या शतकात ख्रिस्ती लोकांनी मंदिराच्या डोरिक स्तंभांमधील मोकळ्या जागा भिंतींनी भरल्या, गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी पाडल्या, आणि मधला गाभारा व बाजूचे प्रदक्षिणापथ मिळून चर्चचे तीन दालनी सभागृह तयार झाले. आज त्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक पंथाचा मुख्य उपासनाविधी, चालू असताना भिंतीतून डोकावणारे ते भव्य ग्रीक स्तंभ स्पर्श करता येतील इतके जवळ असतात. रोममध्ये सम्राट हेड्रियनच्या काळी दुसऱ्या शतकात पुरे झालेले पँथिऑन, ज्याच्या 43 मीटरहून अधिक व्यासाच्या घुमटाच्या मध्यभागी आकाशाला खुले असे वर्तुळ आहे, ते 609 मध्ये पोप चौथा बोनिफास याने मरियम आणि हुतात्म्यांना समर्पित चर्च केले. या रूपांतरांत एका श्रद्धेचा पराभव आणि दुसरीचा विजय आहे, यात शंका नाही, आणि तो विसरून समन्वयाचे गोड चित्र रंगवणे अनैतिहासिक ठरेल. तरीही रोममधील अनेक मंदिरे दगडांच्या खाणी बनून नाहीशी झाली आणि पँथिऑन उभे राहिले, ते तिथे उपासना चालू राहिली म्हणूनच. वास्तू टिकवणारी सर्वांत जुनी संस्था म्हणजे तिचा वापर, ही गोष्ट वारसाशास्त्राने फार उशिरा मान्य केली.

जुलै 2023 पासून पँथिऑनमध्ये पर्यटकांना पाच युरोंचे तिकीट लागू झाले; मिस्सेसाठी येणाऱ्यांना मात्र ते नाही, आणि उत्पन्नाचा वाटा सांस्कृतिक मंत्रालय व रोमचे धर्मक्षेत्र या दोघांमध्ये विभागला जातो. वरवर पाहता ही प्रशासकीय बाब आहे, पण तिच्यात एक तात्त्विक कबुली दडलेली आहे: एकाच दारातून दोन प्रकारची माणसे आत येतात, आणि राज्यसंस्थाही त्यांना एक समजत नाही. इटलीच्या 2004 च्या सांस्कृतिक वारसा संहितेतही धार्मिक महत्त्वाच्या वस्तूंविषयी स्वतंत्र तरतूद असून उपासनेच्या गरजांबाबत सरकारने संबंधित धार्मिक अधिकाऱ्यांशी सहमतीने वागावे असे त्यात म्हटले आहे. वारसा म्हणून घोषित झाल्याने चर्चचे चर्चपण संपते असे इटालियन कायदा मानत नाही, आणि ही भूमिका योग्य आहे.

चर्चपण खरोखर संपल्यावर काय उरते, हे फ्लॉरेन्समधील सान मार्को मठात दिसते. मेदिची घराण्यातील कोसिमो याच्या द्रव्यसाहाय्याने पंधराव्या शतकाच्या मध्यास हा डॉमिनिकन मठ नव्याने बांधला गेला, आणि त्याच पंथाचा साधू असलेल्या चित्रकार फ्रा अँजेलिकोने सहकाऱ्यांसह तेथील चाळीसहून अधिक खोल्यांच्या भिंतींवर चित्रे काढली. ओल्या गिलाव्यावर रंग बसवून काढलेल्या या भित्तिचित्रांना फ्रेस्को म्हणतात. प्रत्येक खोली एका साधूची होती. त्यामुळे प्रत्येक चित्राचा प्रेक्षकही मुख्यतः एकच होता, आणि तो ते एकदा पाहत नसे, रोज पाहत असे, पहाटेच्या प्रार्थनेपूर्वी आणि झोपण्यापूर्वी, कदाचित आयुष्यभर. चित्रांमध्ये अलंकार जवळजवळ नाहीत, पार्श्वभूमी रिकामी आहे, कारण ती डोळा गुंतवण्यासाठी नव्हती. जिन्याच्या माथ्यावर देवदूत गाब्रिएल मरियमेला येशूच्या जन्माची वार्ता सांगत असल्याचे जे सुप्रसिद्ध चित्र आहे, त्याच्या खाली एक लेख असून चित्रासमोरून जाताना मरियमेला वंदन करण्यास चुकू नये असे त्यात साधूंना बजावले आहे. हे चित्र पाहणाऱ्याकडून काहीतरी मागते. ते मुकाट्याने पाहून घेतले जाण्यासाठी निर्माण झालेले नाही. एकसंध इटलीच्या स्थापनेनंतर 1866 च्या कायद्याने धार्मिक मठांच्या मालमत्ता राज्याकडे गेल्या, आणि 1869 मध्ये सान मार्को संग्रहालय झाले. आता प्रवासी एका तासात ते चाळीसही प्रेक्षक होतो.

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन याने 1930 च्या दशकात कलाकृतीच्या उपासनामूल्यात आणि प्रदर्शनमूल्यात भेद केला होता: पूर्वी कलाकृती असणे महत्त्वाचे होते, तिचे दिसणे दुय्यम होते, आणि आधुनिक काळात दिसणे हेच सर्वस्व झाले. सान मार्कोला हा भेद लागू करताना एक दुरुस्ती करावी लागते. तिथल्या चित्रांचे दिसणे आधीही महत्त्वाचे होते; हरवला तो दिसण्याला दिलेला काळ. श्रद्धेने बाहेरच्या असलेल्या प्रवाशाची खरी उणीव कदाचित श्रद्धेच्या अभावापेक्षा वेळेच्या अभावात आहे. डॉमिनिकन साधूची धर्ममते मान्य न करणारा माणूसही एका खोलीच्या दारात अर्धा तास उभा राहिला, तर चित्राच्या मागणीला त्याने काही अंशी उत्तर दिलेले असते. ऑगस्टीनच्या आक्षेपातील ‘न बदलता संपणारे पाहणे’ हे अविश्वासाचे अपरिहार्य फळ नाही. बव्हंशी ते घाईचे फळ आहे, आणि घाईने पाहणारा श्रद्धावानही त्यातून सुटत नाही.

पादुआ येथील स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये निदान हा वेळेचा प्रश्न उघडपणे हाताळला जातो. चित्रकार जोत्तोने 1305 च्या सुमारास पुरी केलेली ही भित्तिचित्रे 2021 मध्ये शहरातील चौदाव्या शतकातील इतर चित्रचक्रांसह जागतिक वारसा ठरली. एन्रिको स्क्रोव्हेन्यी या धनिकाने सावकारीने कमावलेल्या कौटुंबिक संपत्तीच्या प्रायश्चित्तादाखल हे चॅपेल बांधले असे परंपरेने मानले जाते, आणि पश्चिमेकडील अंतिम न्यायाच्या चित्रात तो स्वतः चॅपेलची प्रतिकृती अर्पण करताना दाखवला आहे. आज आत जाण्यापूर्वी प्रेक्षकांच्या छोट्या गटाला सुमारे पंधरा मिनिटे एका बंद कक्षात बसवून ठेवतात, कारण श्वासातील आर्द्रता आणि कपड्यांवरील धूळ रंगांना मारक असते. आणि त्यानंतर आत राहण्याची मुदतही जवळजवळ तेवढीच असते. ही व्यवस्था पूर्णपणे वैज्ञानिक कारणांसाठी आहे. परंतु पवित्र स्थानात शिरण्यापूर्वी थांबणे, देहाची शुद्धी करणे, ठरावीक संख्येने आत जाणे आणि वेळ संपली की निघणे, हे नियम ज्याला उपासनागृहांतून माहीत आहेत, त्याला त्या कक्षात परके वाटू नये. संवर्धनशास्त्राने आपल्या वाटेने जाऊन संयमाचे तेच रूप पुन्हा शोधले आहे, आणि माणसाच्या श्वासानेही जिला इजा होते अशा वस्तूसमोर उभे असल्याची जाणीव ही धार्मिक आदरभावापासून फार दूर नाही.

वस्तूची ही भंगुरता असिसी येथे अत्यंत दारुण रीतीने प्रकट झाली. 26 सप्टेंबर 1997 रोजी उंब्रिया प्रांतात भूकंप झाला. पहिल्या धक्क्यानंतर संत फ्रान्सिस यांच्या बॅसिलिकाचे नुकसान तपासत असताना दुसऱ्या धक्क्याने वरच्या चर्चच्या छताचे भाग कोसळले आणि दोन फ्रान्सिस्कन साधू व दोन तंत्रज्ञ असे चौघे मृत्युमुखी पडले. चिमाबुए आणि जोत्तोच्या परंपरेतील चित्रांचे असंख्य तुकडे ढिगाऱ्यातून वेचून, वर्गवारी करून, शक्य तिथे पुन्हा जोडण्यात आले. 1999 च्या अखेरीस वरचे चर्च पुन्हा उघडले, आणि 2000 मध्ये असिसी जागतिक वारसा यादीत आले. ज्याने सर्वसंगपरित्याग केला आणि ज्याला गरिबी हीच आपली जीवनसंगिनी वाटली, त्याच्या समाधीवर इतकी वैभवशाली वास्तू असावी का, हा प्रश्न त्याच्या अनुयायांनीच तेराव्या शतकात विचारला होता आणि त्यावरून पंथात तीव्र मतभेद झाले होते. प्रवाशाने हा प्रश्न आपल्यासोबत बाळगावा, कारण त्यामुळे भिंतींवरील चित्रांत केवळ सौंदर्य न दिसता एक चालू असलेला वाद दिसू लागतो. याच नगरात 27 ऑक्टोबर 1986 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या निमंत्रणावरून जगातील विविध धर्मांचे प्रतिनिधी शांततेसाठी प्रार्थना करण्यास जमले होते. प्रत्येकाने आपापल्या रीतीने प्रार्थना केली, आणि कोणी कोणाची प्रार्थना उसनी घेतली नाही. अन्यधर्मीय माणूस पवित्र स्थळी सन्मानाने कसा उपस्थित राहू शकतो, याचे ते प्रात्यक्षिक होते.

अन्यधर्मीय या शब्दाबद्दलही सावध असावे, कारण वारशाच्या वाटा राष्ट्र व धर्म यांच्या सीमांप्रमाणे चालत नाहीत. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकामध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने भेट दिला असून फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनी याने तो घडवला, आणि 1698 मध्ये तो गोव्यात उभारण्यात आला; त्यावर विराजमान असलेली चांदीची पेटी मात्र सतराव्या शतकातील गोव्याच्या कारागिरांची आहे. तिथे ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही श्रद्धेने जातात. फ्लॉरेन्सच्या कलेचा हा नमुना आज फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतील कितीतरी वस्तूंपेक्षा अधिक जिवंत धार्मिक जीवन जगत आहे, आणि फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी व कोकणी प्रवाशाने स्वतःला निव्वळ परका समजण्याचे कारण नाही.

आतापर्यंतची सारी स्थळे माणसाने घडवलेली होती, परंतु प्रश्नाचा शेवटचा पैलू एका अरण्यात आहे. तस्कनी आणि रोमान्या यांच्या सीमेवरील काझेंतिनो अरण्यात अकराव्या शतकाच्या आरंभी संत रोमुआल्द याने कामाल्दोली येथे एकांतवासी साधूंचा आश्रम स्थापन केला. याच डोंगररांगांत ला व्हेर्ना हे स्थान आहे, जिथे 1224 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या देहावर येशूच्या जखमांच्या खुणा उमटल्या असे ख्रिस्ती परंपरा मानते. कामाल्दोलीच्या साधूंनी भोवतालच्या वनाची निगा हा आपल्या व्रताचा भाग मानला. रोपे लावणे, झाड तोडण्यासाठी मठसभेची संमती घेणे यांसारख्या गोष्टी त्यांच्या नियमांत होत्या, कारण अरण्य हा त्यांच्या एकांताचा तट होता. 1866 नंतर हे वनही राज्याकडे गेले. 1959 मध्ये याच अरण्यातील सास्सो फ्रातिनो हा दुर्गम भाग इटलीतील पहिले संपूर्ण संरक्षित राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि 2017 मध्ये तेथील प्राचीन बीच वृक्षांची नोंद युरोपातील अनेक देशांत विखुरलेल्या अशा अरण्यांसोबत जागतिक वारसा म्हणून झाली. तिथे पाचशे वर्षांहून जुने वृक्ष आहेत, आणि संशोधनासारखे अपवाद सोडले तर तिथे कोणालाही प्रवेश नाही.

अखिल मानवजातीचा म्हणून घोषित झालेला, आणि मानवजातीतील जवळजवळ कोणीही पाहू नये असा हा वारसा आहे. त्याचे मूल्य पाहिले जाण्यावर अवलंबून नाही, हे इथे कायद्याने मान्य केले आहे, आणि या निबंधातील प्रश्नाला ते सर्वांत स्पष्ट उत्तर आहे: वैश्विक मूल्य आणि सर्वांचा प्रवेशाधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. साधूच्या खोलीचे दार, वाराल्लोची जाळी, पादुआचा प्रतीक्षाकक्ष आणि सास्सो फ्रातिनोची सीमा या सर्वांच्या मागे एकच तत्त्व आहे, ते म्हणजे वस्तूचे अस्तित्व पाहणाऱ्याच्या तृप्तीहून श्रेष्ठ मानणे. श्रद्धावान माणूस हे ईश्वरामुळे मानेल आणि श्रद्धा नसलेला माणूस इतर कारणांनी; दोघांचे आचरण मात्र त्या सीमेपाशी एकच असेल. इटलीच्या राज्यघटनेचे नववे कलम 1948 पासून भूदृश्य आणि ऐतिहासिक व कलात्मक वारसा यांच्या रक्षणाची जबाबदारी प्रजासत्ताकावर टाकते. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यात पर्यावरण, जैवविविधता आणि परिसंस्था यांचा समावेश झाला, आणि तोही भावी पिढ्यांच्या हितासाठी, असा उल्लेख करून. जे अजून जन्मलेले नाहीत ते प्रवासीही त्यामुळे या व्यवहारात पक्षकार झाले आहेत.

इटलीला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने म्हणून दोन गोष्टी कराव्यात. चर्चच्या दारावर मिस्सेच्या वेळा लावलेल्या असतात. त्या वेळी आत राहायचे असेल तर शेवटपर्यंत बसून राहावे, नाहीतर बाहेर थांबावे. आणि काझेंतिनोला गेल्यास कामाल्दोलीचा आश्रम पाहावा, अरण्याच्या खुल्या वाटांवरून हवे तितके चालावे, पण सास्सो फ्रातिनोच्या हद्दीवरून परत फिरावे.